सेंद्रिय अन्न आणि कारखानी पद्धतीचे अन्न : खर्च, लाभ आणि निवड (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

भाजी, धान्य, अंडी, चिकन आणि दूध यांवर दरमहा होणारा खर्च आणि त्यातून मिळणारा लाभ यांविषयी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले असून एका उत्तरातील मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असल्यास तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. सेंद्रिय अन्न म्हणजे नेमके काय, आणि 'कारखानी' अन्न कशाला म्हणायचे?

भारतात सेंद्रिय उत्पादनाचे निकष 2001 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाने ठरवून दिले आहेत. त्यांनुसार रासायनिक खते, कृत्रिम कीटकनाशके व तणनाशके आणि जनुकीय बदल केलेले बियाणे वापरता येत नाही. जनावरांना सेंद्रिय खाद्य आणि हालचालीला जागा द्यावी लागते, आणि रोग होऊ नये म्हणून सरसकट प्रतिजैविके देता येत नाहीत.

कारखानी पद्धत हा शब्द मुख्यतः पशुपालनाला लागू पडतो. हजारो पक्षी किंवा जनावरे एका छताखाली दाटीने ठेवायची, मका व सोयाबीनपासून बनवलेले तयार खाद्य द्यायचे आणि कमीत कमी दिवसांत जास्तीत जास्त उत्पादन काढायचे, असे तिचे स्वरूप असते. ज्वारीला डीएपी या रासायनिक खताचे एक पोते टाकणारा सोलापूरचा कोरडवाहू शेतकरी या व्याख्येत बसत नाही, आणि तो सेंद्रियही नसतो. आपल्या ताटातील बरेचसे अन्न या मधल्या पट्ट्यातून येते. दोन टोकांचीच तुलना करत राहिलो तर हा मधला शेतकरी हिशेबातून निसटतो, म्हणून पुढील उत्तरांत शक्य तेथे वस्तूनिहाय विचार केला आहे.

2. पाकिटावर 'ऑरगॅनिक' लिहिले आहे. ते खरे आहे हे कसे ओळखायचे?

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2017 च्या नियमांनुसार सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद मालाला प्रमाणीकरण आवश्यक आहे. ते दोन मार्गांनी मिळते. पहिल्या मार्गात मान्यताप्राप्त संस्था शेताची तपासणी करते, आणि निर्यातीसाठी हाच मार्ग चालतो. दुसरा मार्ग 'पीजीएस-इंडिया' या सहभागी हमी पद्धतीचा असून त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांची शेते तपासतो. त्यातही 'पीजीएस-ग्रीन' म्हणजे सेंद्रियकडे वळण्याच्या काळातील माल आणि 'पीजीएस-ऑरगॅनिक' म्हणजे तो काळ पूर्ण झालेला माल, हा फरक ग्राहकाने आवर्जून पाहावा. 'जैविक भारत' आणि 'इंडिया ऑरगॅनिक' ही बोधचिन्हे अनेकांच्या परिचयाची आहेत. 2025 मध्ये त्यांच्या जागी एकच सामायिक चिन्ह जाहीर झाल्यामुळे काही काळ जुनी आणि नवी दोन्ही चिन्हे दुकानांत दिसू शकतात.

प्रमाणपत्र असले म्हणजे शंकेला जागाच नाही, असे मात्र नाही. भारतातील सेंद्रिय प्रमाणीकरणाला दिलेली मान्यता अमेरिकेच्या कृषी विभागाने 2021 मध्ये काढून घेण्याचे जाहीर केले, कारण देखरेख अपुरी असल्याचे त्यांचे मत झाले. प्रामाणिक शेतकऱ्यांचे यात मोठे नुकसान झाले. म्हणून चिन्हाबरोबर प्रमाणपत्राचा क्रमांक, उत्पादकाचे नाव आणि गाव दिले आहे का, तेही पाहावे.

3. आमचा शेतकरी ओळखीचा आहे, पण त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही. त्याच्याकडून घ्यावे का?

अवश्य घ्यावे, मात्र विचारपूस करून. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला नियमांत प्रमाणपत्राची सूट आहे. त्याला सेंद्रियचे बोधचिन्ह तेवढे वापरता येत नाही. दोन एकर शेती असलेल्या माणसाला तपासणीचे शुल्क आणि कागदपत्रे परवडत नाहीत, हे वास्तव आहे.

काय विचारावे हे ठाऊक असेल तर फसवणूक टळते. शेणखत कोठून आणता, किडीवर काय फवारता, तणाचे काय करता, शेवटची रासायनिक फवारणी कधी झाली, या प्रश्नांना खरा शेतकरी थेट आणि तपशिलाने उत्तरे देतो. वर्षभर बाराही महिने एकसारखी, निष्कलंक भाजी देणारा विक्रेता मात्र संशयास्पद मानावा. भर पावसाळ्यात टोमॅटो आणि फ्लॉवर सेंद्रिय पद्धतीने पिकवणे किती अवघड आहे, हे कोणताही शेतकरी सांगेल.

4. सेंद्रिय अन्न जास्त पौष्टिक असते का?

थोडा फरक आढळतो, पण जाहिरातींत सांगतात तेवढा नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2012 मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा सेंद्रिय अन्न निश्चितपणे अधिक पौष्टिक असल्याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र त्यात कमी वेळा आढळले. 2014 मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या आढाव्यात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट अधिक आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी असल्याचे दिसले. या फरकाने माणसाची प्रकृती किती सुधारते, हे त्यातून सिद्ध होत नाही.

व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. सेंद्रिय पालकाची एक जुडी परवडते म्हणून आठवड्यातून एकदाच पालेभाजी करणाऱ्या घरापेक्षा साध्या बाजारातील मेथी, चवळी, माठ आलटून-पालटून रोज खाणारे घर पोषणाच्या दृष्टीने पुढे असते.

5. भाजीवरच्या औषधांचा धोका खरा आहे का? धुतल्यावर ती जातात का?

कीटकनाशकाच्या प्रत्येक अंशाला कमाल मर्यादा ठरलेली असते आणि तपासणीत बहुतांश नमुने त्या मर्यादेच्या आत असतात. अडचण दोन ठिकाणी येते. फवारणीनंतर काढणीपर्यंत ठरावीक दिवस थांबायचे असते, पण भाव चढला की ते दिवस पाळले जात नाहीत, आणि भेंडी, वांगी, मिरची यांसारख्या दिवसाआड तोडायच्या भाज्यांत तर ते पाळणेच कठीण असते. दुसरे म्हणजे, भाज्यांवर वापरण्यास मनाई असलेले औषध कापसासाठी म्हणून आणले जाते आणि कडेच्या भाजीवरही पडते.

वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याने पृष्ठभागावरचा काही भाग निघतो. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात 2017 मध्ये सफरचंदांवर झालेल्या प्रयोगात खाण्याच्या सोड्याच्या सौम्य द्रावणात 12 ते 15 मिनिटे ठेवल्यावर पृष्ठभागावरचे अंश साध्या पाण्यापेक्षा चांगले निघाले. सालीच्या आत उतरलेला भाग मात्र निघाला नाही. आंतरप्रवाही कीटकनाशके वनस्पतीच्या रसातच भिनतात, त्यांच्यापुढे मीठ, हळद किंवा व्हिनेगर यांचा उपयोग होत नाही.

द्राक्षांचे उदाहरण बोलके आहे. 2010 मध्ये युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि बागायतदारांना जबर फटका बसला. त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांवरील देखरेख फार कडक झाली, आणि आज निर्यातीचा माल प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय जहाजावर चढत नाही. गावातल्या बाजारात येणाऱ्या घडाला अशी चाळणी नसते. नाशिकचा शेतकरी काटेकोर राहू शकतो हे निर्यातीने सिद्ध केले आहे. मग तोच काटेकोरपणा आपल्या मुलांच्या वाट्यालाही यायला हवा, ही मागणी ग्राहकांनी सातत्याने केली पाहिजे.

6. सेंद्रिय शेतीत काहीच फवारत नाहीत का?

फवारतात. निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क, ट्रायकोडर्मासारख्या उपयोगी बुरशी आणि मर्यादित प्रमाणात तांब्यावर आधारित बोर्डो मिश्रण हे सर्व चालते. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असे समीकरण धरू नये, कारण तांबे जमिनीत साठत जाते. तरीही यांतील बहुतेक पदार्थ लवकर विघटित होतात आणि फवारणाऱ्याच्या जिवाला असलेला धोका पुष्कळ कमी असतो.

हा शेवटचा मुद्दा शहरातील चर्चेत क्वचितच येतो. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 पेक्षा अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कापूस कोणी खात नाही, म्हणून हे मृत्यू 'अन्नसुरक्षे'च्या कोणत्याही तक्त्यात येत नाहीत. पाठीवर पंप घेऊन तोंडाला रुमाल बांधून फवारणाऱ्या माणसाच्या अंगावर जेवढे औषध पडते, त्याच्या तुलनेत आपल्या भेंडीवरचा अंश नगण्य असतो. सेंद्रिय मालासाठी दिलेल्या जादा पैशाचा सर्वांत ठोस लाभ त्या माणसाला होतो, आणि तेवढ्या कारणासाठीही तो खर्च योग्य ठरतो, असे आमचे ठाम मत आहे.

7. सेंद्रिय माल इतका महाग का असतो?

तणनाशकाऐवजी खुरपणीला मजूर लागतात, उत्पादन कमी येते (प्रश्न 13 पहा), माल थोडा असल्याने वाहतूक महाग पडते आणि प्रमाणीकरणाचा खर्च वेगळा असतो. त्यात वळणाचा काळ येतो. हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी 2 वर्षे आणि फळबागांसाठी पहिल्या तोडणीपूर्वी 3 वर्षे शेतकरी सेंद्रिय पद्धतीने कष्ट करतो, पण माल सेंद्रियच्या भावाने विकू शकत नाही.

याची दुसरी बाजू म्हणजे रासायनिक माल स्वस्त का दिसतो. युरियाची 45 किलोची गोणी शेतकऱ्याला 266 रुपये 50 पैशांना मिळते, कारण उरलेली किंमत सरकार अनुदानातून भरते. म्हणजे ती आपणच करातून भरतो. पिकाला न लागलेले नत्र नायट्रेटच्या रूपाने झिरपून विहिरीत जाते. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात नायट्रेटचे प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा आणि अमरावती यांची नावे आहेत. तेथील पाण्याच्या शुद्धीकरणाचा खर्च गव्हाच्या किमतीत धरलेला नसतो.

8. बॉयलर कोंबडीला हार्मोनची इंजेक्शने देतात, हे खरे आहे का?

नाही. दहा हजार पक्ष्यांना वारंवार टोचणे व्यवहार्यही नाही आणि परवडणारेही नाही. बॉयलर 35 ते 42 दिवसांत दोन किलोच्या वर जातो तो अनेक दशकांच्या निवड पैदाशीमुळे आणि संतुलित खाद्यामुळे. या वेगाची किंमत पक्षी मोजतो. शरीर झपाट्याने वाढते, पण पाय आणि हृदय त्या गतीने सक्षम होत नाहीत, त्यामुळे लंगडेपणा आणि अचानक मृत्यू यांचे प्रमाण जास्त असते. हार्मोनच्या अफवेपेक्षा हा मुद्दा गंभीर आहे आणि तो खरा आहे.

9. मग प्रतिजैविकांची भीतीही अफवाच समजायची का?

ही भीती खरी आहे. दाटीने ठेवलेल्या पक्ष्यांत रोग वेगाने पसरतो, म्हणून खाद्यातून किंवा पाण्यातून प्रतिजैविके देण्याची सवय लागते, आणि त्यातून औषधांना दाद न देणारे जिवाणू तयार होतात. माणसाच्या उपचारात अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिन आपल्याकडे पोल्ट्रीत वापरले जात होते. केंद्र सरकारने जुलै 2019 मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत त्याच्या वापराला मनाई केली. विज्ञान व पर्यावरण केंद्राने 2014 मध्ये दिल्ली परिसरातील चिकनचे 70 नमुने तपासले, तेव्हा 40 टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश आढळले होते.

चिकन पूर्ण शिजवल्यावर जिवाणू मरतात, परंतु अनेक औषधांचे अंश टिकून राहतात. कच्चे चिकन हाताळलेली सुरी आणि पाट कोशिंबिरीसाठी वापरू नये, आणि नळाखाली चिकन धुताना उडणारे शिंतोडेही टाळावेत. प्रश्न 4 मध्ये उल्लेख केलेल्या स्टॅनफर्डच्या आढाव्यात सेंद्रिय चिकनवर तीन किंवा अधिक प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू आढळण्याची शक्यता लक्षणीयरीत्या कमी होती. जिवाणूच नव्हते असे मात्र नाही.

दाटीचा आणखी एक परिणाम महाराष्ट्राने सोसला आहे. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या पोल्ट्री पट्ट्यात झाला आणि लाखो पक्षी मारावे लागले. 2021 मध्ये तेथे पुन्हा तीच वेळ आली.

10. पांढरे, तपकिरी, गावरान, 'फ्री रेंज' : कोणते अंडे घ्यावे?

कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो आणि त्याचा पोषणाशी संबंध नसतो. तपकिरी अंडे पिंजऱ्यातील कोंबडीचेही असते, आणि बाजारात ते 'गावरान' म्हणून दुप्पट भावाने सर्रास विकले जाते. बलकाचा गडद रंग खाद्यातून येतो आणि झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क मिसळूनही तो आणता येतो. म्हणून रंगासाठी जादा पैसे देऊ नयेत.

पैसे द्यायचे असतील तर कोंबडीच्या जगण्यासाठी द्यावेत. पिंजऱ्यातील एका कोंबडीला सामान्यतः 450 ते 550 चौरस सेंटिमीटर, म्हणजे कार्यालयातील ए-फोर कागदापेक्षाही कमी जागा मिळते. तिला पंख पसरता येत नाहीत आणि माती उकरता येत नाही. युरोपीय संघाने असे साधे पिंजरे 2012 पासून बंद केले. आपल्या विधी आयोगानेही 2017 च्या 269 व्या अहवालात या कोंबड्यांच्या स्थितीची दखल घेतली.

असे असले तरी स्वस्त अंड्याचे मोल नाकारता येत नाही. पिंजऱ्यातील कोंबडी वर्षाला सुमारे 300 अंडी देते, तर परसातील गावठी कोंबडी साधारण 60 ते 80. ही तफावत आहे म्हणूनच आदिवासी भागातील अमृत आहार योजनेत लहान मुलांच्या ताटात अंडे देता येते. कुपोषित मुलाच्या आईने पिंजऱ्यातील अंडे नाकारावे, असे आम्ही कधीही सुचवणार नाही. ज्यांना परवडते त्यांनी मात्र परसात कोंबड्या पाळणाऱ्या महिला बचत गटांकडून किंवा मोकळ्या पोल्ट्रीतून अंडी घ्यावीत आणि जागा स्वतः पाहून यावी.

11. सेंद्रिय दूध घ्यावे का? आणि ए-टू दुधाचे काय?

दुधात मोठा फरक खाद्याने पडतो. हिरव्या चाऱ्यावर चरणाऱ्या गाईच्या दुधात ओमेगा-3 मेदाम्ले अधिक असतात. सेंद्रिय दुधासाठी चारा आणि पेंडही सेंद्रिय लागते, आणि येथे एक अडचण आहे जी विक्रेते सहसा सांगत नाहीत. महाराष्ट्रात मिळणारी सरकी पेंड बहुतांशी बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, कापसाची असते, त्यामुळे ती सेंद्रिय दुधात बसत नाही. 'सेंद्रिय दूध' विकणाऱ्याला पेंड कोणती देता, हा एकच प्रश्न विचारला तरी बरेच काही कळते.

2018 च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात 6,432 नमुन्यांपैकी 5.7 टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीजन्य विष आणि 1.2 टक्के नमुन्यांत प्रतिजैविके मर्यादेपेक्षा जास्त आढळली. अफ्लाटॉक्सिन बुरशी आलेल्या पेंडीतून आणि चाऱ्यातून येते, आणि सेंद्रिय पेंडही ओलसर जागी ठेवली तर तिला बुरशी येते. त्यामुळे गोठ्यातील साठवण कोरडी आहे का, हे पाहणे अधिक मोलाचे आहे.

ए-टू हा शब्द दुधातील प्रथिनाच्या प्रकाराविषयी आहे, सेंद्रियतेविषयी नाही. दोन्हींची सरमिसळ करून लावलेला भाव देऊ नये.

12. महिन्याचा खर्च मर्यादित आहे. जादा पैसे कोठे खर्च करावेत?

आमचा क्रम असा आहे. प्रथम अंडी आणि चिकन, कारण तेथे प्राण्यांचे हाल आणि प्रतिजैविके या दोन्ही बाबतींत फरक सर्वांत मोठा आहे. चिकनचे दिवस कमी करून बरे चिकन घेतल्यास खर्च फारसा वाढतही नाही. त्यानंतर सालीसकट खाल्ली जाणारी फळे आणि पालेभाज्या. घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री असल्यास यांना अग्रक्रम द्यावा, कारण लहान शरीरात वजनाच्या प्रमाणात अंश जास्त जातो. नंतर तूर, हरभरा, ज्वारी, बाजरी. कोरडवाहू पट्ट्यात या पिकांना मुळात खते-औषधे कमी लागत असल्याने सेंद्रिय माल तुलनेने माफक भावात मिळतो. जाड साल काढून खायची केळी, नारळ, फणस यांसाठी घाई नाही. सेंद्रिय बिस्किटे, शीतपेये आणि चिप्स यांवर पैसे घालू नयेत, कारण साखर आणि मैदा सेंद्रिय असला तरी साखर आणि मैदाच असतो.

13. सगळी शेती सेंद्रिय केली तर सगळ्यांना पुरेल का?

एका फटक्यात केली तर पुरणार नाही. 'नेचर' या नियतकालिकात 2012 मध्ये आलेल्या आढाव्यानुसार सेंद्रिय उत्पादन पीक आणि परिस्थिती यांप्रमाणे 5 ते 34 टक्के कमी येते. श्रीलंकेने 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात अचानक बंद केली. भाताचे उत्पादन घसरले, तांदूळ बाहेरून आणावा लागला आणि काही महिन्यांतच बंदी मागे घ्यावी लागली. सिक्कीमने मात्र अनेक वर्षे टप्प्याटप्प्याने वाटचाल करून 2016 मध्ये पूर्ण सेंद्रिय राज्य असल्याचे जाहीर केले, आणि तेथे रासायनिक खतांचा वापर आधीपासूनच फार कमी होता, हेही लक्षात घेतले पाहिजे.

त्याच आढाव्यात पावसावर घेतलेल्या कडधान्यांत आणि बहुवर्षायू पिकांत ही तूट सर्वांत कमी आढळली. महाराष्ट्राची सुमारे चार पंचमांश शेती कोरडवाहू आहे. त्यामुळे विदर्भ आणि मराठवाड्यातील तूर-हरभरा सेंद्रियकडे नेणे जेवढे शक्य आहे, तेवढे बागायती ऊस किंवा टोमॅटो नेणे शक्य नाही, हे धोरण आखताना विसरता कामा नये.

14. पर्यावरणासाठी तरी सेंद्रिय चिकनच चांगले ना?

पाणी, माती आणि जैवविविधता यांसाठी बहुधा होय. हवामानाच्या हिशेबात मात्र नेहमीच नाही. बॉयलर साधारण 1.6 ते 1.7 किलो खाद्यात एक किलो वजन धरतो, तर हळू वाढणारा पक्षी जास्त दिवस जगतो, जास्त खातो आणि त्याच्या खाद्यासाठी जास्त जमीन लागते. दोन्ही बाजूंनी हिशेब सुधारायचा असेल तर मांस कमी आणि डाळी-उसळी अधिक खाणे, हा उपाय सर्वांत परिणामकारक आहे.

15. 'केमिकल फ्री' गूळ म्हणजे सेंद्रिय गूळ का?

नाही. उसाच्या रसाची मळी काढताना रसायनाऐवजी भेंडीचा चिकट रस वापरला आणि रंग उजळण्यासाठी हायड्रोस हे रसायन टाकले नाही, तर गुऱ्हाळवाले त्या गुळाला केमिकल फ्री म्हणतात. तो दावा खरा असू शकतो, पण त्यातील ऊस युरिया आणि तणनाशकावर वाढलेला असतो. सेंद्रिय गुळासाठी ऊसही सेंद्रिय लागतो. पिवळाधमक गूळ टाळून गडद तपकिरी घ्यावा, हा जुना सल्ला उपयोगी आहे, पण तेवढ्यावरून तो सेंद्रिय ठरत नाही.

16. सेंद्रिय तांदळात आणि डाळीत फार लवकर किडे होतात. माल खराब होता का?

बहुधा नाही. रासायनिक धुरी न दिल्यामुळे धान्यात आधीपासून असलेली अंडी जिवंत राहतात. एका वेळी महिना-दीड महिना पुरेल एवढेच आणावे, कडक ऊन दाखवून पूर्ण गार झाल्यावर कोरड्या डब्यात भरावे, आणि डाळीला किंचित एरंडेल चोळावे. तांदळाला ऊन देऊ नये, तो तडकतो. त्यात कडुनिंबाचा पूर्ण वाळलेला पाला घालावा. किड्यांबरोबर कुबट वास किंवा बुरशी असेल तर मात्र धान्य परत करावे.

17. मी स्वतः सेंद्रियकडे वळलो आहे, पण शेजारच्या शेतातील फवारा माझ्या पिकावर येतो. माझे प्रमाणपत्र जाईल का?

आपोआप जात नाही, पण दक्षता घेतल्याचे दाखवावे लागते. शेजारच्या हद्दीलगत संरक्षक पट्टा सोडावा आणि बांधावर शेवरी किंवा गिरिपुष्पासारखी उंच वाढणारी झाडे दाट लावावीत. पट्ट्यातील पीक वेगळे काढून साध्या मालात विकायचे असते. शेजाऱ्याशी बोलून वारा पडलेला असताना, सकाळी लवकर फवारण्याची विनंती करावी. त्याच्या फवारणीच्या तारखा आपल्या वहीत टिपाव्यात आणि फवारा आत आल्याचे दिसताच गटाला किंवा तपासणी संस्थेला लगेच कळवावे, कारण नंतर मालात अंश सापडल्यावर दिलेले स्पष्टीकरण सहसा मानले जात नाही आणि तेवढा माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. कालव्याचे किंवा वरच्या शेतातील वाहून आलेले पाणी हीसुद्धा तशीच अडचण आहे. त्यासाठी वरच्या अंगाला चर खणून पाणी बाहेर वळवावे, आणि पट्ट्यातील मालाची पोती मळणीच्या वेळीच वेगळ्या रंगाच्या सुतळीने शिवावीत.